चष्मा विसरणाऱ्या बाई

वनमालाबाईंचा चष्मा शाळा भरताना हरवायचा आणि शाळा सुटली की सापडायचा. रविवारी तो कधीच हरवत नसे. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला दीड वर्ष लागलं, आणि मी तर त्या काळात वाचन या विषयावर एम.एड. करत होतो. आमच्या अख्ख्या तालुक्यात या विषयात एम.एड. करणारा मी एकटाच, हे मी लोकांना न विचारता सांगत असे. घराच्या दारावर नावापुढे पदवीही रंगवून घेतली होती. निकाल लागायचा होता, पण पेंटर त्या दिवशी शेजारी आलेलाच होता. बायको म्हणाली, "नापास झाले तं पुसाले पुन्हा त्यालेच बोलवा लागन." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही.

माझ्या लघुशोधप्रबंधाचा विषय होता, 'आदिवासी भागातील इयत्ता दुसरीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकट वाचनातील चुकांचा चिकित्सक अभ्यास'. हे नाव मी एका श्वासात म्हणू शकत असे. चुका मोजायला माझ्याकडे छापील तक्ते होते आणि गळ्यात स्टॉपवॉच होतं. ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपरात रोज आमच्या जिल्ह्याचं नाव यायचं, आणि चांगल्यासाठी यायचं नाही. त्या वर्षांत जिल्ह्यात जो येई तो फॉर्म घेऊन येई. लोकांना प्रश्न विचारी, फॉर्म भरी आणि गाडीत बसून परत जाई. मी तर इथलाच, शिक्षण खात्याच्या गट साधन केंद्रात बसणारा, तरी माझ्याकडेही फॉर्म होताच. फक्त गाडी नव्हती.

तर असा मी मुकुटबनच्या रस्त्यावर काळीपिवळीतून उतरून, दोन कोस चालत, झरी जामणी तालुक्यातल्या एका पोडावर पोचलो. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. वीस-पंचवीस घरं, आणि एका टिनाच्या शेडमध्ये वस्तीशाळा. पूर्ण शाळा मिळण्याइतकी मुलं नसली की सरकार अशी छोटी शाळा द्यायचं आणि जवळपासच्या बारावी पास माणसाला निमशिक्षक म्हणून मानधनावर नेमायचं. इथल्या निमशिक्षिका म्हणजे वनमालाबाई नगराळे. चाळिशीच्या, सावळ्या, उंच. शेजारच्या गावच्या बौद्ध मोहल्ल्यातून रोज पायी येत. खांद्याला कापडी पिशवी, आणि ती शाळेत शिरल्याबरोबर खिळ्याला टांगलेली.

मी वरिष्ठांचं पत्र पुढं केलं. बाईंनी ते घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं बाई! चष्मा इसरली न मी! सोमे, ये बरं इकडं. साहेबानं काय आणलं, वाचून दाव मले."

सोमी दुसरीतली. लाल रिबीन, फ्रॉकच्या खिशात बोरं. ती बाईंना खेटून उभी राहिली आणि बोट ठेवून वाचू लागली. "मा-न-नी-य…" सवयीनं मी स्टॉपवॉच चालू केलं. 'संशोधनार्थ' या शब्दाशी ती अडली. मी मदतीला तोंड उघडलं, तर बाईंनी माझ्याकडे न पाहताच तळहात आडवा धरला.

"थांबा जी. तिले येते."

मी थांबलो. शेडच्या टिनावर कावळा चालला, परत आला. सोमीनं पुटपुटत तो शब्द तीनदा तोडला, तीनदा जोडला. बाई मधूनच म्हणाल्या, "घाई नाही मले. बोंड आपल्या टायमानंच फुटते." शेवटी तो फुटला. सोमीनं पत्र संपवलं. बाईंनी 'शाब्बास' म्हटलं नाही, टाळ्या वाजवायला लावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बरं झालं तू होती. मले समजलं." सोमी अशी ऐटीत जागेवर गेली, जसं काही तिनंच मला पोडावर यायची परवानगी दिली होती.

त्यानंतर मी पाहत गेलो आणि माझ्यातला संशोधक जागा होत गेला. हजेरी एका मुलानं वाचली. फळ्यावरचा सुविचार दुसऱ्यानं वाचला. मी आदर्श वाचनासाठी आणलेला उतारा बाईंना दिला, तो त्यांनी तिसऱ्याच्या हातात दिला. दिवसभरात बाईंनी एक अक्षर वाचलं नाही! दुपारच्या सुट्टीत मी सोमीला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तुझ्या बाईंना वाचता येतं का गं?"

तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "नाही जी. आमीच वाचून दावतो. पण कोणाले सांगू नका."

दुसरीतल्या पोरीनं विश्वासानं कानात सांगितलेली ही गोष्ट मी तीन प्रतींत टाइप करून कार्यालयात दिली. 'सदर निमशिक्षिकेस स्वतःस वाचनाचे कौशल्य अवगत नसल्याचे प्रथमदर्शनी आढळून आले. योग्य ती कार्यवाही व्हावी.' खाली सही, सहीखाली नाव, नावापुढे एम.एड. प्रबंधातही मी हे 'विशेष निरीक्षण' म्हणून घातलं. मार्गदर्शकांनी समासात लाल शाईनं 'उत्तम' लिहिलं, ते पान मी बायकोला दाखवलं.

वर्ष-सव्वा वर्षानं आदेश आला की निमशिक्षकांनी पत्राद्वारे डी.एड. पूर्ण करावं. जे करतील ते पक्के शिक्षक होतील, जे करणार नाहीत त्यांनी घरी बसावं. दर रविवारी तालुक्याला संपर्क वर्ग, आणि वाचन अध्यापनाचा तज्ज्ञ मार्गदर्शक कोण? दुसरा होताच कोण! पहिल्याच रविवारी मी ऐटीत वर्गात शिरलो, तर समोरच्या बाकावर वनमालाबाई, आणि नाकावर चष्मा. मी टिपणं वाटली. बाकीचे लोक ती पिशवीत घालत होते. बाई वाचत होत्या. पंधरा मिनिटांत त्यांचा हात वर.

"सर, पान तीनवर तुमी लिवलं का पोरगं अडलं तं लगेच शब्द सांगाचा. पान सातवर लिवलं का सांगाचा नाही. आमी कोणतं कराचं?"

मी ती टिपणं दोन वेगवेगळ्या पुस्तकांतून उतरवली होती. म्हणालो, "ते संदर्भानुसार ठरवायचं असतं."

"हाव. मंग मी सातवरचं करतो," बाई म्हणाल्या आणि पान तीनवर पेन्सिलीनं फुली मारली.

चहाच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. "बाई, तुम्हाला वाचता येतं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "रविवारी येते, सर."

मग हसल्या, आणि लहान मुलाला सांगावं तसं मला समजावून सांगितलं. "मी वाचाले लागली तं पोट्टे कायले वाचतीन? म्हणतीन, बाईले येते, बाई वाचन. घरी पाहा ना तुमी, मायबापाले येत नाही. तेथं पोरगं वाचते तं अख्खं घर त्याच्या तोंडाकडं पाहते. घरी मोठं असते ते. मंग शाळेत काहून लहान कराचं त्याले?"

आणि खरंच, त्या पोडावरची पोरं घरी मोठी होती. बाई त्यांना धड्यांच्या जोडीला सरकीच्या बियाण्याच्या थैल्या वाचायला देत, फवारणीच्या औषधासोबत येणारी बारीक अक्षरांची घडीची कागदं देत. घरी जाऊन बापाला वाचून दाखवायचं, हा गृहपाठ. सोमीचा बाप उघड्या तोंडानं, वाऱ्याकडे तोंड करून फवारायचा आणि संध्याकाळी ओकत बसायचा. सोमीनं त्याला कागद वाचून दाखवला, तोंडाले फडकं बांधा, वाऱ्याच्या उलट उभं राहू नका. बापानं ऐकलं, कारण कागदात लिहिलं होतं आणि वाचणारी घरची होती. माझ्या तक्त्यात सोमीच्या नावापुढे तेरा चुका होत्या. त्यातल्या नऊ तर ती घरी कोलामी बोलते म्हणूनच झाल्या होत्या. पोरं घरी कोलामी बोलतात ही गोष्ट माझ्या प्रबंधात चौथ्या प्रकरणात येते, म्हणजे पोरांना तपासून झाल्यावर.

त्याच दिवशी मी अहवाल मागं घ्यायला हवा होता. घेणारच होतो. अर्ज चारदा लिहिला. पण माझा प्रबंध दोनदा परत येऊन आता कुठं स्वीकारला गेला होता, तोंडी परीक्षा तोंडावर होती. अहवाल खोटा म्हटला तर 'विशेष निरीक्षण' खोटं, आणि लाल शाईतलं 'उत्तम'ही गेलं. म्हटलं, तोंडी परीक्षा होऊ दे. ती झाल्यावर म्हटलं, पदवी हातात येऊ दे. दारावर तर ती केव्हाची आली होती. सरकारी फाइल एरवी मुंगीच्या पावलानं चालते, म्हणून मी निर्धास्त होतो. पण दीड वर्ष पडून राहिलेली ही मात्र एकदम पळाली. बाईंना नोटीस गेली. पडताळणी होईल, वाचन येत नसल्याचं आढळलं तर डी.एड.च्या यादीतून नाव कमी होईल. नाव कमी म्हणजे बाई गेल्या. बाई गेल्या म्हणजे ती शाळा बंद, आणि पोरांनी नाल्यापलीकडच्या गावच्या शाळेत जायचं. पावसाळ्यात त्या नाल्यातून बैलही उतरत नसे. पोरं जाणार नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं.

पडताळणीला विस्तार अधिकारी निघाले आणि सोबत तज्ज्ञ म्हणून मी.

कापूस वेचणीचे दिवस. या दिवसांत पोडावर निम्मीही पोरं शाळेत नसत. त्या दिवशी बावीसच्या बावीस हजर. कोणी तरी पोरांपर्यंत बातमी पोचवली होती की बाईले वाचता येत नाही म्हणून साहेब लोक बाईले काढाले येऊन राह्यले. अधिकाऱ्यांनी खिशातला पेपर काढला, घडी घालून एक बातमी वर केली आणि बाईंना दिली. "वाचा."

बाईंची पिशवी खिळ्याला होती, चष्मा पिशवीत होता. मला ते माहीत होतं. बाईंनी पोरांकडे पाहिलं. पोरं श्वास रोखून त्यांच्याकडे पाहत होती.

"सर, बाहीर वाचतो मी. पोरायसमोर नको."

"का? शिकवता तर पोरांसमोरच ना? इथंच वाचा."

सगळ्या जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं की बाई का वाचत नाहीत. एक बाई, आणि दुसरा मी. माझं एक वाक्य पुरलं असतं. मी घसा खाकरला, तोंड उघडलं आणि म्हणालो, "जरा पाणी मिळेल का?"

पाणी कोणी आणलं नाही. बाईंनी पिशवीकडे एकदा पाहिलं, पण हात नेला नाही. कागद डोळ्यांपासून लांब धरून नुसत्या उभ्या राहिल्या. नोकरी जाईल, तर जाऊ दे, पण बावीस पोरांना लहान करायचं नाही, हे त्यांचं ठरलं होतं. मला त्यांचा राग आला, इतकी मला माझी लाज वाटली.

तेवढ्यात सोमी उठली. आता ती चौथीत होती. बाईंच्या कुशीला येऊन उभी राहिली आणि अधिकाऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, म्हणजे अख्ख्या शेडला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, कुजबुजली, "बाई, म्हणा… 'यंदा… कापसावर… बोंडअळीचा…'" तिच्या मागून दुसरा आला. तो पुढची ओळ सांगू लागला. मग चौथीतल्या दोन पोरी आल्या. एकानं कागद खाली ओढला, कारण त्याला उंची पुरत नव्हती. पहिलीतलं एक पोरगं बाईंच्या पदराखालून डोकं काढून, बातमीतला जो 'क' दिसेल त्यावर बोट ठेवून 'क, क' म्हणत होतं. बाईंना वाचवायला अख्खी शाळा वाचत होती. बाई म्हणाल्या, "हळू रे, एक एक जण," आणि त्यांचा आवाज फुटला.

'प्रादुर्भाव' आला आणि सोमी अडली. अधिकारी शब्द सांगायला पुढं झाले. बाईंचा तळहात आडवा.

"थांबा जी. तिले येते."

विस्तार अधिकारी थांबले. सोमीला तो शब्द आला. मग त्यांनी पेपरचं दुसरं पान मागच्या ओळीतल्या एका पोरीला दिलं. तिनं वाचलं. तिसऱ्याला दिलं. त्यानं अडत अडत वाचलं. अधिकारी पेपरची घडी घालत मला म्हणाले, "अहो, तालुक्याच्या गावी पोरं इतकं वाचत नाहीत! बाईंना येवो न येवो, मला काय करायचंय? हा अहवाल दिला कोणी?"

"कार्यालयात पाहावं लागेल, सर," मी म्हणालो.

खाली माझं नाव होतं, एम.एड.सकट. त्यांनी फाइल उघडली नाही म्हणून वाचलो. निघताना सोमी दाराशी उभी होती. माझ्याकडे पाहून तिनं फक्त एवढंच म्हटलं, "मी तुमाले कोणाले सांगू नका म्हटलं होतं." बाई आतच होत्या, फळा पुसत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. मी सोयीनं 'नाही' असं धरून चाललो, आणि पुढं किती तरी वर्षं धरून चालत राहिलो.

बाई डी.एड. पास झाल्या. त्या दिवशी पेढे घेऊन केंद्रात आल्या. पेढे काढताना पिशवीतून दोन चष्मे निघाले. एक त्यांचा. दुसरा जुना, काळ्या जाड फ्रेमचा, एका काडीला दोरा गुंडाळलेला.

"बाबाचा आहे," त्या म्हणाल्या. त्यांचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. मोहल्ल्यातले जाणते. पावसाळ्यात, वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात ग्रंथवाचन चाले, तेव्हा वडील पुढं बसत, खिसा चाचपत आणि म्हणत, "चष्मा घरीच राह्यला, पोरी. तूच वाच." सात-आठ वर्षांची ही पोर सगळ्या मोहल्ल्याला वाचून दाखवी. चुकली तर वडील थांबवत. सगळं ऐकून ऐकून पाठ होतं त्यांना. "बाबा गेल्यावर मी तो चष्मा लावून पाह्यला, सर. नंबरच नव्हता जी त्याले. साधी काच. बाबाले अक्षर येत नव्हतं." मग म्हणाल्या, "बाबाले येत नव्हतं म्हणून थो चष्मा इसरे. मले येते म्हणून मी इसरतो. काम एकच आहे."

माझे डोळे भरून आले. त्याच क्षणी सगळं कबूल करावं असं फार वाटलं. मी दुसरा पेढा घेतला.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात बाई गेल्या. पोटाचं दुखणं होतं, लांबलं. त्याच्या महिनाभर आधी मी त्यांना भेटायला गेलो होतो. तोवर मीही केस पांढरे केले होते आणि वाचनावर बरीच व्याख्यानं दिली होती. त्यात 'एक अनुभवी शिक्षिका' म्हणून बाईंची युक्ती सांगून टाळ्या घेत असे. अहवालाचा भाग वेळेअभावी राहत असे.

बाई खाटेवर पडून होत्या. उशाशी पाण्याचा गडवा, त्याच्या बाजूला चष्मा. इकडच्यातिकडच्या गोष्टी झाल्या. मग त्यांनी सुनेला सांगून पेटीतली प्लास्टिकची थैली आणवली, तिच्यातून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि माझ्यापुढं धरला.

"सर, हे काय आहे, वाचून दावा बरं मले. चष्मा सापडून नाही राह्यला."

मी चष्म्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. कागद उघडल्याबरोबर टाइप ओळखला. पडताळणीच्या नोटिशीला माझ्या अहवालाची प्रत जोडलेली होती. म्हणजे तो कागद त्यांच्याकडे पहिल्यापासून होता. त्या दिवशी शेडमध्ये मी पाणी मागितलं तेव्हाही, आणि पेढे खाल्ले तेव्हाही.

मी वाचू लागलो. "सदर… निमशिक्षिकेस…" इतकी वर्षं लोकांना प्रकट वाचन शिकवलं, पण माझा आवाज पहिलीतल्या पोरासारखा तुटत होता. 'प्रथमदर्शनी'शी अडलो. बाई छताकडे पाहत पडून होत्या.

"घाई नाही मले," त्या म्हणाल्या.

'योग्य ती कार्यवाही व्हावी' इथपर्यंत आलो आणि थांबलो. कागदाची घडी घालायला लागलो.

"खाली आणखी आहे काई तरी."

मी कागद लांब धरला, जवळ धरला. सून चहा घेऊन दारात उभी होती. माझा चेहरा पाहून तिला वाटलं असावं, म्हाताऱ्या माणसाला बारीक अक्षर दिसत नाही. ती कप ठेवून वाचायला पुढं झाली. बाईंनी खाटेवरूनच तळहात आडवा धरला. हात काटकीएवढा झाला होता.

"थांब वं. त्यायले येते."

मी माझं नाव वाचलं. पूर्ण वाचलं, मोठ्यानं, पदवीसकट.

बाई डोळे मिटून म्हणाल्या, "बरं झालं तुमी होते, सर. मले समजलं."